तिसऱ्या वाक्याचा ऑगस्ट

ऑगस्ट आला की आमच्या शारजाच्या घराच्या काचांना बाहेरून घाम फुटतो. आत एसीचा गारठा, बाहेर समुद्रावरून आलेली ओलसर, जड हवा. सकाळी पडदा सरकवावा तर समोरचं खालिद लगून, खाडीचं ते तळं, नाहीसं झालेलं असतं, पलीकडचे टॉवर पुसट, खालच्या गाड्यांचा नुसता आवाज. हात आपोआप काच पुसायला जातो. पाणी काचेच्या पलीकडच्या अंगाला आहे हे इतकी वर्षं इथे राहून मला कळायला हवं, पण नाही. दरवर्षी मी आतून फडकं फिरवते आणि स्वतःवरच चिडते. ठाण्याहून आई फोनवर विचारते, "तुमच्याकडे काही पाऊस नाही ना गं?" मी म्हणते, "पाऊस नाही, पण भिजतो आम्हीही." तिला ते पटत नाही.

ही हवा मला कधीच आवडली नाही. पण पूर्वी ती नुसती नकोशी होती, आता तिची धास्ती वाटते. काच धुरकटली की घरात एक माणूस जास्त आहे असं वाटू लागतं. मी दुबईत ऊद मेथाच्या शाळेत गणित शिकवते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरीही ऑगस्टात जेवायची पानं घेताना मी एकदा मोजून बघते.

हे सुरू झालं त्या वर्षी, जेव्हा समीर अमेरिकेच्या परीक्षेला बसला होता. समीर माझा नवरा. वैमानिकी शिकला युरोपात, स्पेनमध्ये. परवाना युरोपचा, आणि इथल्या एका छोट्या कंपनीत तो बरीच वर्षं विमानं उडवत होता. ती कंपनी बंद पडली. मग दुसरीकडून बोलावणं आलं, पण त्यांची विमानं कागदोपत्री अमेरिकेची. उभी असतात इथे, वाळूत, पण त्यांच्या शेपटीवरचा नंबर अमेरिकेचा. ती पगार घेऊन उडवायची तर परवानाही अमेरिकेचाच हवा. हौसेपुरतं उडवायचा कागद अमेरिकावाले युरोपचा परवाना पाहून देऊन टाकतात. कमर्शियल मात्र तुम्ही कितीही मोठे बाजीराव असा, परीक्षा देऊनच मिळतो.

मला यात हसू यायचं. भारतात बिनधास्त गाडी चालवणाऱ्या मला इथे ड्रायव्हिंगच्या परीक्षेत कितीदा तरी नापास केलं होतं, तेव्हा हाच समीर पोट धरून हसला होता. आता तो मोठाली विमानं सोडून पुन्हा चिमुकल्या विमानात बसणार होता आणि शिकाऊ पोरांसारखा आकाशात आडवे आठ काढणार होता, इंजिन मुकं करून आखलेल्या रेषेवर उतरणार होता. हसू यायचं, पण जेवढ्यास तेवढंच. घरात बसलेला समीर मी कधी पाहिला नव्हता. सकाळी दाढी करून, शर्ट इस्त्री करून तो हॉलमध्ये बसायचा आणि दर थोड्या वेळानं वर बघायचा. आमच्या घरावरून विमानं जातात. आवाजावरून तो सांगायचा कुठलं आहे ते, आणि मग गप्प व्हायचा. परीक्षा हुकली असती तर ह्या माणसाचं काय झालं असतं ते मला त्या महिन्यात रोज दिसत होतं.

लेखी परीक्षा त्यानं आधीच उरकली होती. उरली होती तोंडी आणि प्रत्यक्ष उड्डाणाची, ती अमेरिकेत जाऊन द्यायची. तयारीसाठी तो पहाटे समुद्राकाठच्या एका लहानशा धावपट्टीवर जायचा. शिकवायला कॅप्टन नबील म्हणून जॉर्डनचे एक गृहस्थ होते, अमेरिकेचा परवाना असलेले. बाकीचा सराव घरी, खुर्चीत बसून. वैमानिक लोक हे करतात म्हणे. डोळे मिटायचे आणि सगळं उड्डाण हातांनी आणि तोंडानं करायचं.

जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून शेजारीशेजारी मांडल्या. डावीकडे समीर. डाव्या हातात माझ्या पोह्यांच्या डब्याचं झाकण, ते स्टिअरिंग. उजव्या हातात ताकाची रवी, तो इंजिनाचा दांडा. उजव्या खुर्चीत मी, अमेरिकन परीक्षक. शाळेला सुट्टी होती, सुटका नव्हती. मी मांडीवर प्रश्नांचा कागद घेऊन दटावायची, "मिस्टर समीर, इंजिन बंद पडलं. आता काय कराल?" तो घामाघूम होऊन उत्तर द्यायचा. आमची इरा तेव्हा नऊ वर्षांची. ती दारातून बघून म्हणायची, "बाबा, यू आर इन द लिव्हिंग रूम, यू नो." मी म्हणायची, "इरा, मराठीत बोल." "बाबा लिव्हिंग रूममध्ये आहेत," ती म्हणायची आणि निघून जायची.

आठ जमले, वळणं जमली, मुक्या इंजिनाचं उतरणं तर इतकं जमलं की नबीलनी फोन करून मला सांगितलं. अडलं एका वाक्यावर.

विमानात दोन वैमानिक असले की विमान कुणाच्या हातात आहे हे बोलून ठरवायचं असतं. युरोपात दोन वाक्यांत काम भागतं. देणारा म्हणतो, विमान तुझ्याकडे. घेणारा म्हणतो, माझ्याकडे. संपलं. अमेरिकेत तिसरं वाक्य लागतं. घेणारा 'माझ्याकडे' म्हणाला, की देणाऱ्यानं पुन्हा एकदा म्हणायचं, तुझ्याकडे. आणि मगच हात सोडायचा. युरोपात शिकलेली माणसं ते हमखास विसरतात. दोन वाक्यं त्यांच्या हाडात गेलेली असतात. नबीलना त्याचं नवल नव्हतं. एका शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला आले, वरणभातावर तूप मागून घेऊन म्हणाले, "हबीबी, फ्लाइंग इज व्हेरी गुड. बट नो थर्ड कॉल, खलास. एक्झामिनर विल सेंड यू होम." समीर मान हलवत राहिला. नबीलना वाटलं, विसरतो. मलाही आधी तसंच वाटलं.

पण मी उजव्या खुर्चीत होते. समीर झाकण माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "यू हॅव द कंट्रोल्स." मी झाकण धरून म्हणायची, "आय हॅव द कंट्रोल्स." मग त्याचे ओठ हलायचे. वाक्य तिथे असायचं, मला दिसायचं. तो माझ्याकडे बघतच नसायचा. माझ्या खुर्चीत दुसरंच कुणी बसल्यासारखा तो कान देऊन थांबायचा, आणि झाकण आम्हा दोघांच्या हातात तसंच राहायचं.

त्या खुर्चीत कोण होतं ते मला ठाऊक होतं. मंदार.

मंदार आणि समीर स्पेनमध्ये एकत्र शिकले. त्या शाळेत मराठी हे दोघंच. समीर डोंबिवलीचा, मंदार गुहागरकडचा. मी मंदारला पाहिलं ते फक्त आमच्या लग्नात. पंगतीत वाढायला उभा राहिला होता, कुणी सांगितलं नसताना. एकेका पाहुण्याला जिलबीचा आग्रह करत होता, आणि माझ्या काकांना तो मुलाकडचा आहे की आचाऱ्याकडचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. एवढीच माझी त्याची ओळख. बाकीचा मंदार मला समीरनं सांगितलेला.

दोघं एका विमानात असले की मंदार हाती असलेलं विमान समीरला द्यायचा. समीर 'माझ्याकडे' म्हणायचा. तरी मंदार सोडायचा नाही. मराठीत विचारायचा, "धरलंस ना? सोडू?" समीर 'हो' म्हणाला की मगच हात काढायचा. स्पॅनिश मास्तर कावायचे. हे काय मध्येच? दोन वाक्यं झाली, विषय संपला. मंदार त्यांना मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. समीर सांगताना हसायचा, "अरे, विमान आहे की पाण्याची कळशी?"

मग दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. समीर इकडे आला. मंदार एका लांबच्या देशात छोटी प्रवासी विमानं उडवू लागला. एका दुपारी ढगांत, डोंगराच्या अंगाला, ते विमान आदळलं. मंदार गेला. पुढे चौकशी झाली, अहवाल आला. समीरनं तो आणला, वाचला, आणि माझ्यापुढे ठेवला. त्यात दोघा वैमानिकांची शेवटची वाक्यं छापलेली होती. मंदार म्हणाला, तुझ्याकडे. शेजारचा रेडिओवर बोलण्यात गुंतला होता, तो काहीतरी पुटपुटला. मंदारनं ते उत्तर समजून हात काढला आणि नकाशा उघडला. चार श्वास व्हावेत इतका वेळ ते विमान कुणाच्याच हातात नव्हतं. मी ते वाचलं तेव्हा खालच्या ओळीत तो प्रश्न शोधत राहिले. पान उलटलं. तिथेही नव्हता. आयुष्यभर जे विचारलं ते त्या दिवशी त्यानं विचारलं नाही. कदाचित नव्या कंपनीनं त्याची सवय मोडली असेल. कदाचित शेजारच्याला मराठी येत नव्हतं म्हणून असेल. अहवालात याचं काहीच लिहिलेलं नसतं.

आणि आता अमेरिका समीरला म्हणत होती, तोच प्रश्न तिसऱ्या वाक्यात विचार. नाहीतर घरी जा.

मी त्याला समजावलं. रागावले. "अरे, चार शब्द आहेत रे. पोपटही म्हणेल," असंही एकदा बोलून गेले. तो म्हणाला, "मला कळतंय ते. मी तोंड उघडलं की तो आधी विचारतो. मग मी उत्तराची वाट बघतो." त्या क्षणी बाल्कनीच्या काचेवरून एक थेंब घरंगळत खाली आला आणि मला त्या खुर्चीत बसवेना. उठून मी उगाचच गॅस पुसला. घर तेच, माणसं तीच, पण ज्याला मी धड ओळखतही नव्हते असा एक मुलगा माझ्या घरी राहायला आला होता आणि त्याला जा म्हणायची माझी छाती नव्हती.

अमेरिकेला जायची तारीख ठरली. गणपती दाराशी आले.

मंदारची आई, सुलभाकाकू, आता लेकीकडे राहतात, आमच्याच वस्तीत, अल मजाजमध्ये, लगूनच्या पुढच्या वळणावर. हे समीरला माहीत होतं आणि म्हणूनच तो त्या वळणापर्यंत कधी फिरायला जात नसे. सुपरमार्केटमध्ये त्या लांबून दिसल्या की हा मसाल्यांच्या रांगेतून तांदळांच्या रांगेत. मी भेटायची, घरी जायची. काकू समीरबद्दल विचारायच्या आणि मी "बिझी असतो हो" म्हणायची. त्या म्हणायच्या, "असू दे, असू दे."

ऋषिपंचमीच्या दिवशी त्या आपण होऊन आल्या. जावयाला पहाटे रास अल खोरच्या घाऊक बाजारात पिटाळून त्यांनी अळू, लाल माठ, सुरण, कोवळी कणसं असं सगळं जमवलं होतं. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. "इथे बैल येणार कुठून? म्हणजे इथलं सगळंच चालतं," असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. बेल वाजली तेव्हा आम्ही खुर्च्यांतच होतो. समीरनं झाकण हातात घेऊनच दार उघडलं.

काकू दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांत फडक्यानं धरलेलं भाजीचं मोठं पातेलं, वाफाळतं. चष्म्यावर बाहेरची दमट हवा साचलेली, त्यामुळे दार कुणी उघडलं ते त्यांना नीट दिसलंच नसावं.

"धर गं," त्या म्हणाल्या.

समीरनं झाकण काखेत मारलं आणि पातेल्याला हात लावला. "धरलं, काकू."

आवाज ऐकून त्या थबकल्या. चष्म्याआडून बघत राहिल्या. पण पातेलं गरम होतं आणि त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं.

"धरलंस ना? सोडू?"

मी समीरच्या मागे उभी होते. त्याची पाठ मला दिसत होती. कळशी, हंडा, तान्हं मूल, उकळता रस्सा, काहीही दुसऱ्याच्या हाती देताना आपल्या आया हेच विचारतात. माझी आई विचारते. मी इरालाही विचारते. आणि तरीही मंदारला ही सवय कुठून लागली, हा विचार इतक्या वर्षांत आमच्या डोक्यात आला नव्हता. समीर काही बोलेना. काकूही सोडेनात. पातेलं दोघांच्या मध्ये, वाफ दोघांच्या तोंडावर.

"अरे, बोल ना. हात भाजतायत माझे."

"सोडा," तो म्हणाला. "सोडा, काकू. आहे माझ्याकडे."

त्या आत आल्या आणि गुडघे दुखतात म्हणून जी खुर्ची आधी दिसली तिच्यावर बसल्या. उजवीकडची. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हे काय मांडलंय?" समीर पातेलं ठेवून आला, डाव्या खुर्चीत बसला आणि सांगू लागला. परीक्षा, अमेरिका, दोन वाक्यं, तिसरं वाक्य. लहान मुलाला सांगावं तसं सगळं सांगितलं.

"म्हणजे अमेरिकेतले लोकसुद्धा विचारतात होय?" काकू म्हणाल्या. "बरं आहे. आणि तिकडे युरोपात नाही विचारत?"

"नाही."

"मंदार विचारायचा?"

"रोज, काकू. मास्तर ओरडायचे त्याला."

त्या हसल्या. मग चष्मा काढून पदरानं पुसत, खालीच बघत म्हणाल्या, "आणि त्या दिवशी? विचारलं होतं ना रे त्यानं?"

समीरनं माझ्याकडे पाहिलं. तो अहवाल आम्ही दोघांनी वाचला होता. मी जमिनीकडे पाहिलं.

"हो," समीर म्हणाला. "विचारलं होतं."

"मग तो दुसरा काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

"मग झालं," काकू म्हणाल्या. चष्मा लावला, मला म्हणाल्या, भाजी गार झाली की घट्ट होते, थोडं पाणी घाल, खोबरं वरून, आणि इराला तिखट लागेल तर तूप दे. चहा घेतला नाही. लिफ्टपर्यंत समीर सोडायला गेला.

त्या संध्याकाळी त्यानं झाकण माझ्यापुढे धरलं आणि तिसऱ्या वाक्यासकट सगळं सरळ म्हटलं. मगच हात सोडला. पुढच्या आठवड्यात तो गेला, परीक्षा दिली, पास झाला. नबीलनी "मबरूक, मबरूक" करून अभिनंदनाचा फोनवर इतका आरडाओरडा केला की इरा म्हणाली, "इज ही ओके?" समीर पुन्हा उडू लागला. वर बघून गप्प होणं थांबलं. मी खुर्च्या टेबलाला लावल्या. एवढ्यावर हे सगळं संपायला हरकत नव्हती.

पण तेव्हापासून तो प्रत्येक फेरीवरून आला की काकूंकडे जातो. आंघोळ करून, कपडे बदलून, लगूनच्या त्या वळणापर्यंत चालत. मीही बरेचदा जाते. काकू चहा करतात, लाडू पुढे करतात, आणि इकडचं तिकडचं झालं की म्हणतात, "सांग रे, त्या दिवशीचं." समीर सांगतो. पहिल्यांदा दोनच वाक्यं होती. आता त्या दिवशीची हवा आहे, मंदारनं सकाळी काय खाल्लं ते आहे, शेजारच्या वैमानिकाला त्यानं 'धरलंस' म्हणायला शिकवलं होतं तेही आहे. सगळं मनचं. समीर इतकं रंगवून सांगतो की कधीकधी मलाही तो दुसरा वैमानिक आपल्या मोडक्या मराठीत 'धरलं' म्हणताना ऐकू येतो. परतताना समीर लगूनच्या कठड्यापाशी थांबतो. त्याला वाटतं, एका म्हातारीला आपण फसवतोय. दरवेळी ठरवतो की पुढच्या खेपेला खरं सांगून टाकायचं. मी 'बघ तुला काय वाटतं ते' म्हणते.

परवा संध्याकाळी काकू आणि मी लगूनच्या कडेनं चालत होतो. ऑगस्टात ते चालणं म्हणजे ओल्या टॉवेलात चालणं. त्या बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुला एक सांगते. तो अहवाल मला लेकीनं वाचून दाखवला होता. आला तेव्हाच. समीर पहिल्यांदा बोलला ना, त्याच्याही आधी."

मी त्यांच्याशेजारी बसले. "मग तुम्ही विचारलंत कशाला?"

"कुणीतरी म्हणावं असं वाटलं गं. एकदा तरी. विचारलं होतं म्हणून." त्या पाण्याकडे बघत होत्या. "आता त्याला सांगत बसू नकोस. येतो बिचारा, छान सांगतो."

समीर काल फेरीवरून आला. आज आम्ही तिघं काकूंच्या हॉलमध्ये बसलो होतो, बाहेर सगळं पांढरं, खिडकीत काही दिसत नव्हतं. त्यानं नेहमीसारखं सांगितलं. सकाळ, न्याहारी, उड्डाण, ढग. मंदारनं विचारलं, त्या दुसऱ्यानं हो म्हटलं. दोघांपैकी कोण कुणाला जपतंय हे मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी लाडवाचा तुकडा तोंडात धरून गप्प राहिले. समीर नेहमी इथेच थांबतो. त्यापुढे तो जात नाही, आणि काकूही कधी विचारत नाहीत की मग पुढे काय झालं.